पाण्याबरोबर डोंगरातून खाली

तुलूझ, फ्रान्स
२८ सप्टेंबर

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी मी आणि मैत्रीण सायकलच्या सहलीवरून सुखरूप घरी पोचलो. आईशी फोनवर बोलले, पण आप्पांना जे सांगायचंय ते फोनवर मावणारं नाही. नीरा डाव्या कालव्यावर ज्यांनी उभी नोकरी केली, गेज वाचले, रात्री-बेरात्री गेटवर उभं राहून टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना पाणी पोचवलं, त्यांना या कालव्याची गोष्ट तुटक सांगणं मला पटत नव्हतं. म्हणून हे लांबलचक पत्र. आई, तुझ्यासाठी जेवणाखाण्याचं मध्ये लिहिलंय.

कालव्याचं नाव कनाल द्यू मिदी. आमच्या तुलूझपासून भूमध्य समुद्राच्या काठच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. महाराज आग्र्याहून निसटून राजगडावर परतले ते १६६६ साल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चौदाव्या लुईनं या कालव्याचा हुकूम काढला आणि १६८१ मध्ये तो सुरू झाला. खोदला तो मालाच्या होड्यांसाठी. त्याआधी फ्रान्सच्या एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जायचं तर सगळ्या स्पेनला वळसा घालावा लागे. आज मालाच्या होड्या नाहीत, सहलीच्या आहेत, आणि शेतीसाठीही त्यातून पाणी उचलतात. १९९६ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बहुतेक लोक तुलूझहून सायकल काढतात आणि कालव्याच्या कडेनं सरळ समुद्राकडे जातात. आम्ही मुद्दाम वरून, जंगलातून सुरुवात केली. कारण आप्पा, तुम्हीच म्हणायचात, कालवा पाहायचा तर हेडपासून, पाणी जिथून येतं तिथून. इथे तर हेड म्हणजेच सगळी गोष्ट आहे. दोन समुद्रांच्या मध्ये नोरूझ नावाची खिंड आहे, साधारण १९० मीटर उंचीवर. होडी एका बाजूनं वर चढणार, दुसऱ्या बाजूनं उतरणार. चढताना आणि उतरताना प्रत्येक लॉकमधलं, म्हणजे होडी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कुंडातलं, पाणी खाली वाहून जाणार. म्हणजे माथ्यावर बारा महिने पाणी हवं, आणि माथ्यावर तर नदी नाही. दोन समुद्र जोडायची कल्पना जुनीच होती, पण प्रत्येक जण इथेच अडत होता.

ते कोडं पिएर-पॉल रिके या माणसानं सोडवलं. तो इंजिनिअर नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार होता आणि तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडलेली होती. त्याच्या बरोबर पिएर कांपमास म्हणून रव्हेल गावचा पाणक्या होता. गावाचे झरे आणि पाट सांभाळणं हा त्याचा धंदा. मोंतान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरात, कुठला ओढा उन्हाळ्यातही आटत नाही हे त्याला पाठ होतं. त्या ओढ्यांना अडवून, पाट काढून, पाणी माथ्यावर आणायचं असा बेत ठरला. राजाच्या समितीला ते खरं वाटेना, तेव्हा रिकेनं स्वतःच्या खर्चानं एक नमुन्याचा पाट खोदला आणि १६६५ च्या शरदात डोंगराचं पाणी नोरूझला आणून दाखवलं.

आम्ही कास्तेलनोदारीपर्यंत रेल्वेनं गेलो (सायकली डब्यातच टांगायची सोय असते), तिथून सायसाकच्या पडक्या किल्ल्यावरून चढत जंगलात शिरलो. आल्झो नावाच्या ओढ्यावर एक छोटा बंधारा आहे आणि त्याच्या बाजूनं पाट निघतो. बस, एवढंच. दोन पावलांत ओलांडता येईल असा पाट, वर बीचची दाट झाडी आणि पानांचा थर पडलेली मातीची वाट. तिथे कांपमासची आठवण म्हणून एक दगड उभा केलेला आहे. कालव्याच्या अगदी मुळाशी पाणक्याचं नाव कोरलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

ओंकारनं विचारलं होतं की ग्रॅव्हल सायकल म्हणजे नेमकं काय. त्याला सांगा, हँडल रेसिंगच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, आमचे ४० मिलिमीटरचे आहेत, आणि हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे खडी आणि मुळं हातांना जाणवत नाहीत. चढासाठी हलके गिअर. सामान मागच्या कॅरिअरवर न ठेवता फ्रेमच्या त्रिकोणात, सीटखाली आणि हँडलपुढे बांधायचं. डांबर संपलं तरी थांबावं लागत नाही, हे तिचं सगळ्यात मोठं सुख.

आणि त्या पाटावर ते सुख पुरेपूर मिळालं. तुम्हाला हे लगेच कळेल, पाट काँटूर, म्हणजे एकाच उंचीची रेघ, धरून जातो. डोंगराच्या प्रत्येक घळीत शिरतो, सोंडेला वळसा घालून बाहेर येतो, पण उतार जेमतेम. म्हणजे दोन्हीकडे डोंगर उभा असताना आमची सायकल सपाटीवरून चालल्यासारखी चालत होती. वाटेत माणूस नाही. पाण्याचा आवाज आणि खाली टायरखाली मोडणाऱ्या काटक्या. उतार मोजायची डंपी लेव्हलही हाती नसलेल्या काळात ही रेघ कशी आखली असेल, याचा विचार करत मी तासन्‌तास पायडल मारत होते. लां-पी नावाचं एक दगडी धरण मध्ये लागतं, ते नंतरचं, १७७७ ते १७८२ मधलं. नारबॉनकडे फाटा काढला तेव्हा पाणी कमी पडायला लागलं म्हणून बांधलेलं. पुढे ले कामाझ गावाजवळ पाट १२२ मीटरच्या बोगद्यात शिरतो. तो व्होबांनं काढलेला. लुईचा किल्ले बांधणारा प्रसिद्ध इंजिनिअर तो.

बोगद्यापलीकडे उतरलं की सँ-फेरेओलचं धरण. आप्पा, इथे मला तुमची फार आठवण आली. बांधकाम १६६७ ते १६७२. मातीचा प्रचंड भराव, आत एकाला एक समांतर अशा तीन दगडी भिंती, मधली सर्वांत उंच, आणि भिंतींच्या मधे कुटून भरलेली माती. उंची ३० मीटरच्या वर, लांबी पाऊण किलोमीटरहून अधिक. साठा तुमच्या हिशेबात पाव टीएमसीलाही थोडा कमी, भाटघरच्या मानानं अगदी चिमुकला, पण त्या काळच्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या धरणांत त्याची गणना होते. तळाशी भुयारं आहेत. त्यातून आत जाऊन पाणी सोडायच्या तोट्या उघडत, आणि गाळ धुऊन काढायला वेगळी वाट ठेवलेली. साडेतीनशे वर्षं झाली आणि हे धरण आजही कालव्याला पाणी पुरवतं.

ही माती वाहिली कुणी? कालव्यावर ऐन भरात सुमारे १२ हजार माणसं कामाला होती आणि त्यांत बायका खूप होत्या. टोपल्यांतून माती वाहणाऱ्या तर होत्याच. पण इतिहासाच्या अभ्यासकांनी जुनी हिशेबाची कागदपत्रं चाळून आणखी एक गोष्ट पुढे आणली आहे. पिरेनीज पर्वतातल्या खेड्यांतून आलेल्या बायकांना झऱ्याचं पाणी काँटूरनं गावापर्यंत वळवण्याची पिढीजात कला येत होती आणि डोंगरातले हे पाट आखताना ती कला वापरली गेली. त्यांची नावं कुठे नाहीत. पुतळा रिकेचा आहे, आणि तो असायलाही हवा, कारण त्यानं मजुरांना रविवारची, पावसाच्या दिवसाची आणि आजारपणाचीही मजुरी दिली. सतराव्या शतकात असं सहसा कुणी करत नव्हतं. पण मला त्या भरावावरून सायकल हातात धरून चालताना नीरेच्या, कृष्णेच्या, जायकवाडीच्या भरावांवर दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या बायका डोळ्यांपुढे येत राहिल्या. तुम्ही सांगितलेल्या ७२ च्या गोष्टी. त्यांचीही नावं कुठे लिहिलेली नाहीत, आप्पा. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धरणाखाली रव्हेल. चौदाव्या शतकात आखून वसवलेलं गाव, काटकोनात रस्ते आणि मधोमध लाकडी खांबांचा भव्य मंडप. शनिवारी त्याखाली बाजार भरतो. आम्ही नेमक्या त्याच दिवशी तिथे होतो. गुलाबी सालीचा लसूण, अंजिरं, बकरीच्या दुधाचं चीज, पावाच्या लाद्या. शेतकरी स्वतः विकायला बसलेले असतात आणि घासाघीस नाही.

रव्हेलपासून नोरूझपर्यंत मैदानातला पाट. हा प्रवास मला सगळ्यांत शांत वाटला. एका बाजूला पाट, त्याच्यावर झुकलेली झाडं, दुसऱ्या बाजूला काढणीला आलेली सूर्यफुलं, डोकी काळी पडून खाली वाकलेली. टेकड्यांवर विटांच्या देवळांचे मनोरे. या भागाला लोरागे म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या शतकात इथे एका झाडाच्या पाल्यापासून निळा रंग करत. पाला दळायचा, त्याचे गोळे वळायचे, सुकवायचे आणि युरोपभर पाठवायचे. त्या निळ्या रंगावर तुलूझच्या व्यापाऱ्यांनी राजवाड्यासारखे वाडे बांधले, ते आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मग इथे कॅथलिक-प्रोटेस्टंटांची धर्मयुद्धं पेटली आणि समुद्रमार्गानं आपल्याकडची नीळ यायला लागली. तिच्यापुढे इथला रंग टिकला नाही. आपल्या निळीनं इथली शेतं बुडवली आणि पुढे त्याच निळीच्या सक्तीनं आपल्याकडचे शेतकरी भरडले गेले, हे मी मैत्रिणीला सांगितलं. ती इथलीच आहे, तिला पहिली अर्धी गोष्ट शाळेत शिकवलेली होती, दुसरी नव्हती.

त्या दिवशी समोरून ओतां वाहत होता. समुद्राकडून येणारा आग्नेयेचा वारा, दिवसेंदिवस थांबत नाही. आम्ही दर काही वेळानं पुढे-मागे होत, एकमेकींच्या आडोशानं चालवत नोरूझ गाठलं.

नोरूझला पाहण्यासारखं फार काही नाही असं लोक म्हणतात. मला तर तिथून हलावंसं वाटेना. डोंगरातून आलेला पाट येऊन कालव्याला मिळतो, आणि ते पाणी अर्धं पश्चिमेला तुलूझकडे, अटलांटिकला जाणाऱ्या गारोन नदीच्या दिशेनं, आणि अर्धं पूर्वेला भूमध्य समुद्राकडे. इथे रिकेनं अष्टकोनी तलाव बांधला होता. त्याभोवती शहर वसवायचं त्याच्या मनात होतं. पण पाटाबरोबर येणाऱ्या गाळानं तलाव भरत गेला, अखेर सोडून द्यावा लागला, आणि पाट त्याच्या कडेनं वळवला. आज तलावाच्या जागी गवत आहे आणि मधून उंच झाडांची दुहेरी रांग. गाळ काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. इथेच १८१४ च्या एप्रिलमध्ये, कालव्याच्या इंजिनिअरच्या घरात, फ्रेंच मार्शल सुल्तनं वेलिंग्टनशी लढाई थांबवण्याच्या करारावर सही केली. तोच वेलिंग्टन, अकरा वर्षांपूर्वी जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला. 

आता आईसाठी. कास्तेलनोदारीला मैत्रिणीच्या आईकडे मुक्काम होता. गावाचं नाव कासुले या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे. पांढरा घेवडा रात्रभर भिजवायचा, जवळच्या इसेल गावच्या मातीच्या रुंद तोंडाच्या भांड्यात घालायचा आणि मंद आंचेवर तासन्‌तास ओव्हनमध्ये ठेवायचा. वर साय धरते ती पुन्हापुन्हा मोडून आत ढकलायची. त्यात बदकाचं आणि डुकराचं मांस असतं. काकूंनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात नुसता घेवडा, लसूण, टोमॅटो आणि तमालपत्र घालून तसाच शिजवला. चव इतकी खोल होती की मी तीनदा वाढून घेतलं. मी तुझी गोडा मसाल्याची पुडी त्यांना दिलीय आणि मटकीची उसळ कशी करायची तेही लिहून दिलंय.

कास्तेलनोदारीनंतर खरी खडी लागते. आमच्या जिल्ह्यात कालव्याचा काठ डांबरी आहे, इथून पुढे काही ठिकाणी चांगली दाबलेली खडी, काही ठिकाणी नुसती पाऊलवाट. दर लॉकपाशी एक घर, त्याच्या भिंतीवर पाटी, दोन्हीकडचं पुढचं लॉक किती मीटरवर आहे ते लिहिलेलं. लॉकची कुंडं लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंतींचं एक कोसळलं, म्हणून रिकेनं भिंतींना बाक दिला. बाजूच्या मातीचा दाब कमान पेलते.

कार्कासॉनचा किल्ला तुम्ही चित्रात पाहिला असेल. दुहेरी तट, ५२ बुरूज. तो एकोणिसाव्या शतकात पाडायला निघाले होते, गावातल्या माणसांनी आवाज उठवला म्हणून वाचला आणि मग व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदानं दुरुस्त केला. संध्याकाळी द्राक्षमळ्यांतून तो दिसतो तेव्हा थांबून पाहावाच. आत मात्र दुकानं आणि गर्दी फार, आम्ही लवकर बाहेर पडलो.

त्याच्या पुढे त्रेबच्या आसपास मन खचलं. या कालव्याच्या दोन्ही काठांना एकोणिसाव्या शतकात चिनारच्या जातीची प्लाटान झाडं लावली, एकूण सुमारे ४२ हजार. त्यांची मुळं भराव धरून ठेवतात, सावलीनं पाणी थंड राहतं, आणि वर दोन्हीकडून फांद्या मिळून मंडप होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्समध्ये आली. ती पसरत पसरत २००६ मध्ये या कालव्यावर सापडली. झाड आतून वाळतं आणि थोड्या वर्षांत मरतं. औषध नाही. मुळांतून, पाण्यातून, काठाला घासणाऱ्या होड्यांतून ती पुढच्या झाडाला लागते, म्हणून रोगट झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात. कित्येक किलोमीटर काठ उघडा पडलाय. उन्हात पांढरी खडी डोळ्यांत खुपत होती. त्यांच्या जागी ओक, मेपल, आणि रोगाला तोंड देणारी प्लाटानची नवी जात, अशी वेगवेगळी झाडं लावलीत. एकच जात सगळीकडे लावायची नाही हे आता ठरलंय. रोपं काठीला बांधलेली, खांद्याएवढी. मैत्रीण लहानपणी वडिलांबरोबर या सावलीत सायकल शिकली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुढे मिनेरव्वाचा मुलूख, दोन्हीकडे द्राक्षं. तोडणी ऐन भरात होती, पहाटेपासून यंत्रं मळ्यांत. ला रदोर्तजवळ अकरा कमानींचा दगडी सांडवा आहे, व्होबांच्या आराखड्याचा. कालव्यातलं जादा पाणी कमानींखालून नदीत पडतं आणि वरून सायकलवाट जाते. व्होबांनं १६८६ मध्ये सगळा कालवा तपासला होता. वाटेतले ओढे थेट कालव्यात पडत आणि गाळ आणत, म्हणून त्यानं चाळीसहून जास्त ठिकाणी ओढे कालव्याखालून काढले. तुमच्या भाषेत मोऱ्या आणि जलसेतू. पाराझाजवळचा रेप्युद्रवरचा जलसेतू मात्र रिकेचाच, १६७६ चा. खाली ओढा, वर पाणी, पाण्यावर होडी आणि होडीच्या बरोबरीनं आम्ही.

आर्जांपासून बेझिएपर्यंत ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. एकच लेव्हल! त्यासाठी कालवा इतके वळसे घेतो की सकाळी डावीकडे दिसलेलं कापेस्तांचं अर्धवट राहिलेलं उंच चर्च दुपारी उजवीकडून समोर आलं. मग मालपासचा बोगदा. कालव्यासाठी काढलेला हा युरोपातला पहिला बोगदा, १६७९-८० चा, दीडशे मीटरहून थोडा लांब, आणि डोंगर म्हणजे ठिसूळ वाळूचा दगड. त्याच टेकडीच्या पोटात आणखी खाली एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा बोगदा, आणि त्याहून जुना, मध्ययुगातला, सव्वा किलोमीटरहून लांब पाण्याचा बोगदा. तो कशासाठी, ते वर आँसेर्यूनच्या टेकडीवर चढल्यावर दिसतं. खाली मोंतादीचं तळं होतं. १२४७ मध्ये परवानगी घेऊन ते कोरडं करायला घेतलं. मधल्या बिंदूकडे सगळ्या चाऱ्या उतरतात, आणि शेतं बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी गोलात मांडलेली. मधे जमलेलं पाणी त्या जुन्या बोगद्यातून डोंगरापलीकडे जातं. आजही! पिवळी, तपकिरी, हिरवी पाचरींची शेतं पाहत आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. टेकडीवर रोमनांच्याही आधीची, अडीच हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे, आणि खडकात खोदलेली धान्याची पेवं ओळीनं दिसतात.

शेवटी फोंसेरान. बेझिएच्या वेशीवर एकाला एक जोडलेली आठ कुंडं, साधारण तीनशे मीटरांत साडेएकवीस मीटरचा उतार, खडक फोडून केलेली. हे काम मेदाय आडनावाच्या दोघा भावांनी मक्त्यानं घेतलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मजुरांत बहुतेक बायकाच होत्या. रिके बेझिएचाच. १ ऑक्टोबर १६८० ला तो वारला, कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी. त्याचं कर्ज फेडता फेडता वारसांना चाळीसहून जास्त वर्षं लागली. १६८० हे साल वाचलं की आपल्या मनात दुसरंच काही येतं, ते मी मैत्रिणीला सांगितलं, रायगडाचा फोटोही दाखवला.

आप्पा, मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. नोरूझचा तलाव गाळानं भरला, तसा नीरेवर गाळ कुठे सगळ्यात जास्त साचतो आणि तुम्ही तो कसा काढायचात? पाझर शोधायला रात्री भरावावरून चालत जायचात ते नेमकं काय बघायचात? आणि तुमच्या हाताखालच्या पाणक्यांची, पाटकऱ्यांची जेवढी नावं आठवतील तेवढी गावासकट लिहून काढा. दादाला सांगा, एक दोनशेपानी वही आणून द्यायला. मी डिसेंबरात येईन तेव्हा ती वही घेऊन आपण वीरपासून टेलपर्यंत जाऊ. तुम्ही दादाच्या गाडीत, मी सायकलवर.

सँ-फेरेओलच्या भुयाराचे आणि फोंसेरानच्या दारांचे फोटो दादाच्या फोनवर पाठवलेत, ते मोठे छापून घ्या, बारकावे दिसतील. आई, गुडघ्याचं औषध बंद करू नकोस. वहिनीला आणि आत्याला नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
वैशाली

ता. क. ओंकारला म्हणावं, पुण्यात सायकल घ्यायची घाई करू नकोस. मी आल्यावर बरोबर जाऊ, फ्रेमचं माप घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.